कोल्हापुरात पहिल्या वर्षाला आलेय. कॉलेजातल्या उपक्रमांत भाग घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची?

भोगावतीकाठ

नमस्कार. मी राधानगरी तालुक्यातली. यंदा कोल्हापुरात बी.एस्सी. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलाय. हॉस्टेलला नंबर लागला नाही, त्यामुळे रोज एसटीनं अप-डाऊन.

शाळेत वक्तृत्वाला मी कायम असायचे, तालुक्यापर्यंत जायचे. वाचायला आवडतं. पक्षी बघायलाही आवडतात, आमच्याकडं रानच जवळ आहे. इथं वर्गात शंभरच्या वर मुलं आहेत आणि सगळी एकमेकांना आधीपासून ओळखतात असं वाटतं. माझा मामेभाऊ इथंच इंजिनिअरिंगला आहे. त्यांच्याकडं म्हणे सिनिअर वर्गात येऊन सांगतात, आमचा हा क्लब, आमचा तो क्लब, फॉर्म भरा. आमच्याकडं असं कुणी आलं नाही. नोटीस बोर्डावर कागदावर कागद लागलेत. परीक्षा फॉर्मची तारीख, शिष्यवृत्तीची यादी आणि त्याच्याखाली अर्धी झाकलेली 'निवड चाचणी' अशी नोटीस. कसली चाचणी ते कळायच्या आत ती फाटली होती.

मला विचारायचंय की हे सगळं नक्की कुठं कळतं? सिनिअर ओळखीचे असावे लागतात का? आणि अप-डाऊन करणाऱ्यांना यात जागा असते का? आई म्हणते कर. बाबा म्हणतात, शहरात शिकायला पाठवलंय, आधी अभ्यास. दोघांचंही मला पटतं.

पेठेतला_पोरगा

ताई, कोल्हापुरात स्वागत! सिनिअर ओळखीचा लागत नाही, बिनधास्त जायचं. जिमखान्यात जाऊन विचार, कुठल्या खेळाच्या टीमला पोरी कमी आहेत. बऱ्याच कॉलेजात मुलींची टीम पूर्ण करताना सरांची पळापळ होते. खेळता येत नसलं तरी शिकवतात.

आमच्या मंगळवार पेठेत पोरं चालायला लागली की फुटबॉलला लागतात. पाटाकडील, बालगोपाल, तिकडं शिवाजी पेठेत शिवाजी तरुण मंडळ. ही पेठांतली तालीम मंडळं, त्यांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की सगळं शहर तिथं असतं. पण तालीम म्हणजे पेठेतल्याच पोरांचं घर. बाहेरून आलेल्यांना कॉलेजची टीम हाच सरळ रस्ता. कॉलेजकडून झोनल, तिथून इंटरझोनल आणि पुढं विद्यापीठाच्या संघात निवड. माझ्या वर्गात शाहूवाडीचा एक पोरगा होता, शाळेत कधी स्पाइक घातले नव्हते, तिसऱ्या वर्षाला विद्यापीठाच्या शिबिरात होता.

विद्यानगरचे_सर

मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवलं, त्यातली काही एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, कार्यक्रम अधिकारी म्हणून. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर जुलैत मुलं मनात ठेवतात आणि विचारायला येतात ती थेट दुसऱ्या वर्षाला.

कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजात 'क्लब' ही पाटी शोधू नका. आपल्याकडं त्याला मंडळ, विभाग किंवा समिती म्हणतात. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ, सांस्कृतिक विभाग, जिमखाना, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, नियतकालिक समिती, स्पर्धा परीक्षा केंद्र. सगळीकडं सगळं असेल असं नाही, पण यातलं बरंचसं असतं. प्रत्येकाला एक प्राध्यापक प्रमुख नेमलेला असतो. प्रवेशाच्या वेळी मिळालेलं माहितीपत्रक अजून जवळ असेल तर त्याची शेवटची पानं उघडा. समित्यांची यादी आणि प्रमुखांची नावं तिथंच छापलेली असतात. ती पानं कुणी वाचत नाही. कॉलेजच्या संकेतस्थळावरही ती बहुतेक वेळा असतात.

आता तुमच्या नोटिशीविषयी. नोटीस बोर्डावर लागते, शिवाय शिपाई मामा नोटीस-वही घेऊन वर्गात येतात आणि तासावरचे प्राध्यापक ती वाचून दाखवतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात त्या वेळी इतका गोंधळ असतो की मागच्या बाकांपर्यंत काही पोचत नाही. हल्ली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही येते, पण त्या ग्रुपमध्ये आधी शिरावं लागतं, आणि शिरायचं तर त्या प्राध्यापकांना भेटावं लागतं. म्हणून स्टाफरूमच्या दारात उभं राहून, "सर, मी पहिल्या वर्षाची, मला वक्तृत्वात भाग घ्यायचाय," एवढं एक वाक्य बोला. आमच्याकडं असं आपणहून येणारे विद्यार्थी फार थोडे असायचे. जो यायचा त्याचं नाव लक्षात राहायचं आणि पुढची स्पर्धा आली की तेच नाव आधी आठवायचं. मुलांना वाटतं सरांची मर्जीतली मुलं ठरलेली असतात. खरं तर सरांना माहीत असलेली मुलंच तेवढी असतात.

आणखी एक. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या आराखड्यात सहअभ्यासक्रमाचा गट आलाय, मुलं त्याला नुसतं 'सीसी' म्हणतात. एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग, सांस्कृतिक अशा कामांना त्यात क्रेडिट मिळतात. तुमच्या कॉलेजनं कुठल्या सत्राला काय ठेवलंय ते कार्यालयात विचारून घ्या. बाबांना सांगायलाही बरं, हा अभ्यासाचाच भाग झालाय.

रंगपेटी

सरांना अनुमोदन. ती फाटलेली नोटीस बहुतेक युवा महोत्सवाची असणार!

शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव आधी जिल्ह्याजिल्ह्याचा होतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, तिघांचा वेगवेगळा. तिथं नंबर काढणारे मध्यवर्ती महोत्सवाला जातात, तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, मग पश्चिम विभाग आणि त्यापुढं राष्ट्रीय. ही वरची साखळी भारतीय विश्वविद्यालय संघाची. कॉलेजचे संघ पावसाळ्यातच ठरायला लागतात, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांना अजून वर्ग सापडत नसतात तेव्हा. म्हणून जुलै-ऑगस्ट घालवू नका, एवढंच कळकळीनं सांगते.

आणि महोत्सव म्हटलं की सगळ्यांना फक्त नाच आणि एकांकिका दिसतात. त्यात वक्तृत्व, वादविवाद, प्रश्नमंजुषा आहे. स्थळचित्र, व्यंगचित्र, मातीकाम, कोलाज, रांगोळी आहे. मूकनाट्य, नकला, लघुनाटिका, लोकवाद्यवृंद, सुगम गायन. गर्दी चार-पाच प्रकारांना, बाकीच्यांना माणसं शोधावी लागतात. आमच्या कॉलेजात वादविवादाला जोडी लागायची आणि दुसरा वक्ता मिळायचा नाही. मराठी नीट बोलणारी, वाचणारी मुलगी आपणहून आली असती तर आम्ही तिला पेढे दिले असते.

मी स्वतः नाटकात आले ती पडद्यामागून. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, गोळा करायची, कपड्यांना इस्त्री, म्युझिकला बसायचं. पहिलं वर्ष रंगमंचावर एक पाऊल नाही, पण तालीम रोज बघितली. संहिता कशी उभी राहते, दिग्दर्शक एकच वाक्य पुन्हापुन्हा का म्हणायला लावतो, हे बाजूला बसून जेवढं कळलं तेवढं काम करताना कळलं नसतं. दुसऱ्या वर्षी एक मुलगी आजारी पडली, मला सगळ्यांचे संवाद पाठ होते. निवड चाचणीत नाव आलं नाही तर घरी जाऊ नका, "बॅकस्टेजला थांबू का?" विचारा. नाही म्हणणारा सांस्कृतिक विभाग मी अजून पाहिला नाही.

भोगावतीकाठ

सर, ताई, मनापासून आभार. माहितीपत्रक घरी पेटीत होतं, काढलं. वाङ्मय मंडळ आहे, विज्ञान मंडळ आहे, एनएसएस आहे. नावंही आहेत! वाङ्मय मंडळाच्या मॅडम आम्हाला शिकवत नाहीत, तरी भेटेन.

माझी खरी अडचण गाडीची. प्रॅक्टिकल संपेपर्यंत दुपार होते. तालमी संध्याकाळी असतात म्हणे. सहानंतर आमच्या गावात जाणारी एकच गाडी आहे, ती चुकली तर फाट्यावर उतरून पुढं चालत. पावसाळ्यात ते घरी चालणार नाही. मलाही नको वाटतं.

अप_डाऊन

हे मी भोगलंय म्हणून लिहिते. गारगोटीकडून यायचे, तिन्ही वर्षं एसटी.

पहिल्या भेटीतच मॅडमना गाडीची वेळ सांग. "मला पावणेपाचला निघावं लागतं, त्याआधी जे असेल त्यात मी पूर्णवेळ आहे." लाजू नको. वेळ आधी सांगणाऱ्या मुलीवर चिडत नाहीत, मधेच उठून जाणारीवर चिडतात. आमच्या मॅडमनी माझ्यामुळं वादविवादाचा सराव मधल्या सुट्टीत आणि ऑफ तासाला ठेवला होता. कॉलेजातली निम्मी मुलं बाहेरगावची असतात, मॅडमना ते नवीन नसतं.

वेळेच्या हिशोबानं बघ. एकांकिका, लोकनृत्य, लोकवाद्यवृंद यांच्या तालमी महोत्सव जवळ आला की रात्रीपर्यंत चालतात. राहायची सोय नसेल तर पहिल्या वर्षी त्यात पडू नको. वक्तृत्व, वादविवाद, निबंध, प्रश्नमंजुषा, भित्तिपत्रिका, नियतकालिक हे दिवसा होतं. भित्तिपत्रिका म्हणजे नुसतं सुंदर अक्षर नव्हे. विषय ठरवायचा, लेख मागायचे, दुरुस्त करायचे, बोर्डावर मांडायचं. मला लिहिलेलं कापायला तिथं शिकता आलं. नियतकालिकांची विद्यापीठ पातळीवर स्पर्धा असते, त्यामुळं संपादक मंडळाला चांगले विद्यार्थी हवेच असतात. दिवाळीआधी साहित्य मागवतात, तेव्हा दे.

पैशाचं म्हणशील तर विद्यार्थी पासला तिकिटाच्या साधारण एक तृतीयांश पडतात. रविवारी किंवा पासच्या फेरीबाहेर यावं लागलं तर मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. माझ्या वेळी नव्हतं. रविवारच्या शिबिराला येताना मी घरी पैसे मागायला कचरायचे, तू कचरू नको.

स्पर्धेच्या दिवशी उशीर होणारच असेल तर आदल्या दिवशीच मैत्रिणीकडं राहायचं ठरव, आणि त्या मैत्रिणीच्या आईचा तुझ्या आईला फोन करून दे. आमच्या घरी एकदा हे झाल्यावर पुढं प्रश्न आला नाही. हॉस्टेलची यादी पुढच्या वर्षी पुन्हा लागते, तिथंही अर्ज कर. काही ठिकाणी कमवा व शिका योजनेतूनही राहण्या-जेवणाचा भार हलका होतो.

अभ्यासिका

मी थोडं वेगळं लिहितो, राग नसावा. माझे वडील शेतमजूर. मला पहिल्या वर्षी कुणीतरी तीन-चार ठिकाणी नावं द्यायला लावली, आणि सगळं छान होतं, पण पहिल्या सत्राचा गणिताचा पेपर राहिला. घरच्यांना बॅकलॉग म्हणजे काय हे समजावताना जे वाटलं ते अजून विसरलो नाही. ज्यांच्या घरात दुसरा आधार नाही त्यांनी आधी वेळापत्रक, मग मंडळ. विज्ञान शाखेला प्रॅक्टिकल बुडलं की जर्नल सहीला अडकतं.

दुसरं म्हणजे, कॉलेजच्या गेटबाहेरही बरेच जण सभासद करून घ्यायला उभे असतात. विद्यार्थी संघटना असतात, मंडळं असतात. त्यात चांगलं काम करणारे आहेत, मी स्वतः फी सवलतीच्या प्रश्नात त्यांची मदत घेतलीय. पण पहिल्या महिन्यात कुणाच्या फलकाखाली फोटोला उभं राहण्याआधी ते वर्षभर काय काम करतात हे बघून घ्या.

विद्यानगरचे_सर

अभ्यासिका, राग कसला? तुमचा मुद्दा रास्त आहे. चार ठिकाणी नाव घालू नये हे मीही सांगत आलो. एकच घ्यावं आणि त्याला वर्षभर हजर राहावं. फक्त 'आधी अभ्यास, मग बाकीचं' असं म्हणून ते बाकीचं पुढं ढकललं की ते तिसऱ्या वर्षापर्यंत ढकललं जातं, हेही मी पाहिलंय. तिसऱ्या वर्षाची मुलं यायची, "सर, मुलाखतीला सांगायला काही नाही, एखादं प्रमाणपत्र मिळेल का?" त्यांना प्रमाणपत्र देता यायचं नाही याचं वाईट वाटायचं. त्याहून वाईट याचं वाटायचं की तीन वर्षं ती आमच्यासमोरून ये-जा करत होती आणि आमची ओळख झालीच नाही.

भोगावतीकाठ, तुम्ही एनएसएसचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. हे तास बहुतेक दिवसा आणि सुट्टीच्या दिवशी भरतात, अप-डाऊनवाल्यांना जमतात. कोल्हापुरात या तासांना खरं काम आहे. गणेशोत्सवात पंचगंगेच्या घाटावर, रंकाळ्यावर, मूर्ती आणि निर्माल्य दान घ्यायला आमची मुलं उभी असायची. लोक आधी रागावून बघतात, "पोरांनो, परंपरा आहे," म्हणतात. पहिल्या वर्षाची एखादी मुलगी त्यांना नमस्कार करून शांतपणे सांगते आणि ते निर्माल्य तिच्या हातात देतात. बोलायला शिकायचं तर याहून चांगली जागा मला माहीत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३. पाणी ओसरल्यावर घरांत गुडघाभर गाळ होता. तो काढायला स्वयंसेवक गेले, त्यात माझ्या वर्गात वर्षभर तोंड न उघडलेली मुलं होती. कुणाच्या घरी किती माणसं, औषध कुणाला लागतंय, कोरडे कपडे कुठं पोचले नाहीत, याच्या याद्या त्यांनी स्वतःहून केल्या. त्यानंतर वर्गात त्यांना मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

खाकी

एनसीसीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी तिसऱ्या वर्षाला आहे, सीनिअर विंग.

भरती वर्षाच्या सुरुवातीलाच होते. धावणं, उंची, थोडी तोंडी परीक्षा. जागा मोजक्या असतात, त्यामुळे कॉलेज सुरू झालं की लगेच एनसीसी ऑफिसर कोण आहेत ते विचारायचं, पुढच्या आठवड्यात बघू म्हणायचं नाही. दुसऱ्या वर्षाअखेर 'बी' प्रमाणपत्राची परीक्षा, तिसऱ्या वर्षी 'सी'ची. परीक्षेला बसायला परेडची ७५ टक्के हजेरी आणि शिबिर लागतं. 'सी' असेल आणि सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीला जाता येतं. आमच्या भागात घरटी कुणीतरी सैन्यात असतं, पण मुलींना हा रस्ता माहीतच नसतो, म्हणून मी प्रत्येक पहिल्या वर्षाच्या मुलीला हे सांगत सुटते.

गाडीची अडचण मात्र खरी आहे. परेड सकाळी लवकर असते. पहिली एसटी पकडूनही पोचता येत नसेल तर एनसीसी झेपणं कठीण. आमच्या प्लाटूनमधल्या बाहेरगावच्या मुली हॉस्टेलला किंवा कॉट बेसिसवर राहतात.

गोकुळ_शिरगाव_लाईन

इंजिनिअरिंगवाला. मामेभावाचं ऐकून वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडं क्लब खूप आहेत हे खरं, मुलाखती घेऊन निवडतात हेही खरं. पण निम्मे क्लब दोन इव्हेंट आणि एक टी-शर्ट यापुढं जात नाहीत. जिथं खरं काम चालतं तिथं, म्हणजे गाडी बनवणाऱ्या नाहीतर रोबोच्या टीममध्ये, पहिल्या वर्षाला स्पॅनर-पाने उचलून द्यायचे, वेल्डिंगच्या वेळी धरायचं, सामान आणायला शाहूपुरीत नाहीतर उद्यमनगरात पळायचं. टिकतो तो दुसऱ्या वर्षी डिझाईनला बसतो. क्लबला पैसे किती भरायचे हे आधी विचारा. वर्गणी, प्रवास, टी-शर्ट धरून बराच खर्च होतो आणि तो कुणी आधी सांगत नाही.

बी.एस्सी.वाल्यांसाठी एक सुचवतो, 'आविष्कार'. विद्यापीठांच्या संशोधन प्रकल्पांची स्पर्धा, पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट असतो. विज्ञान मंडळाच्या सरांना विचारा.

शाहूपुरीतली_काकू

बाळा, माझी मुलगी याच वयाची आहे म्हणून लिहावंसं वाटलं. कॉलेजच्या भिंतीबाहेर हे शहर आहे, त्याचाही उपयोग कर.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. वाचायला आवडतं म्हणतेस ना, तिथं सभासद हो. दोन गाड्यांच्या मधला रिकामा वेळ स्टँडवर घालवण्यापेक्षा तिथं बसलेलं बरं. व्याख्यानं ऐकायची तर दसरा चौकात शाहू स्मारक भवन आहे. व्याख्यान, चित्रप्रदर्शन, पुस्तक प्रकाशन, काही ना काही चालू असतं, बऱ्याच कार्यक्रमांना तिकीट नसतं. वक्तृत्व करणाऱ्या मुलीनं चांगले वक्ते समोर बसून ऐकले पाहिजेत. हात कसे ठेवतात, कुठं थांबतात, प्रश्नाला उत्तर कसं देतात, हे मोबाईलवर तितकं कळत नाही. गाण्याची आवड असलेल्या मैत्रिणीला देवल क्लबचं नाव सांग, १८८३ पासूनची संस्था आहे.

त्याच दसरा चौकात आजूबाजूला बोर्डिंगं आहेत. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली, कारण खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा नसेल तर कॉलेज असून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. तुझ्यासारख्या मुलींनी या गावात हक्कानं वावरायचं, पाहुण्यासारखं नाही.

आणि बाबांविषयी. एकदा त्यांना कॉलेजात घेऊन ये. मॅडमशी भेट घालून दे. आमच्या ह्यांचा विरोध त्या एका भेटीत मावळला. त्यांना नाटक नको होतं असं नाही, मुलगी संध्याकाळी कुणाबरोबर असते हे कळायला हवं होतं.

रानवाट

पक्ष्यांचा विषय निघाला आणि कुणी उचलला नाही! राधानगरीची पोरगी आणि पक्षी बघते म्हणजे तू आमच्यापेक्षा पुढं आहेस. १९५८ पासूनचं अभयारण्य तुझ्या दारात. लोक मुंबईहून गवा बघायला दाजीपूरला येतात.

शहरात रंकाळा, कळंबा तलाव आणि विद्यापीठाचा परिसर, ही तीन ठिकाणं पुरेशी आहेत. विद्यापीठालगत राजाराम तलाव आहे, आवारात मोर आहेत, वनस्पतिशास्त्र विभागाची बाग आहे. सकाळी चालायला येणाऱ्यांत कुणाच्या गळ्यात दुर्बीण दिसली तर जाऊन बोल. या लोकांना प्रश्न विचारलेले आवडतात. कॉलेजात निसर्ग मंडळ नसेल तर प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडं जा आणि कॉलेजच्या आवारातल्या पक्ष्यांची यादी करू का असं विचार. वही, पेन, तारीख, वेळ, पक्षी, काय करत होता. गावाकडची वेगळी यादी ठेव. पक्ष्यांची गावाकडची नावं आजीला विचारून त्यात लिही, ती आमच्या पुस्तकांत नाहीत. वर्षभराची नोंद झाली की वर कुणीतरी लिहिलेल्या 'आविष्कार'ला तुझ्याकडं विषय तयार.

पेठेतला_पोरगा

रानवाट दादा, नाद खुळा! मीपण येतो एखाद्या रविवारी रंकाळ्यावर, मला फक्त बगळा ओळखता येतो.

भोगावतीकाठ

कळवायचं राहिलं होतं. वाङ्मय मंडळाच्या मॅडमना भेटले. दारात बराच वेळ उभी होते, मग सरांनी लिहिलेलं वाक्य तसंच्या तसं बोलले. त्यांनी गाव विचारलं, गाडी विचारली. भित्तिपत्रिकेच्या पुढच्या अंकाचा विषय 'माझी नदी' आहे, भोगावतीवर लिहून आण म्हणाल्या. वक्तृत्वाची निवड चाचणी पुढच्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत. त्यांच्या ग्रुपमध्ये नंबर घातलाय. चाचणीसाठी नाव दिलेल्या आम्ही फक्त चौघी आहोत. मला वाटलं होतं रांग असेल.

एनएसएसचा फॉर्म पण आणलाय. अभ्यासिका दादा, तुमचं वाचून बाकी कुठं नाव दिलं नाही. पक्ष्यांची वही मात्र घातली, ती गाडीत बसूनही होते.

एक राहिलं. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराचं घरी कसं सांगायचं? मुली मुक्कामाला असतात का, कुठं राहतात, बरोबर कोण असतं? बाबा हे विचारणारच आणि मला उत्तर माहीत नाही.

विद्यानगरचे_सर

छान बातमी दिलीत.

शिबिर दत्तक गावात असतं, बहुतेक वेळा हिवाळ्यात. मुक्काम गावच्या शाळेत, देवळाच्या सभामंडपात किंवा समाजमंदिरात. मुलींची राहण्याची आणि स्नानगृहाची सोय वेगळी असते आणि मुक्कामाला महिला प्राध्यापक असतात. पालकांचं संमतीपत्र भरून घेतल्याशिवाय कुणाला नेत नाहीत. सकाळी प्रभातफेरी, मग दुपारपर्यंत श्रमदान, म्हणजे बंधारा, रस्त्याकडेची सफाई, झाडांची आळी, जे गावाला हवं ते. दुपारी जेवणानंतर बौद्धिक, संध्याकाळी गावात सर्वेक्षण किंवा पथनाट्य. स्वयंपाक गटागटानं, मुलांनाही भाकरी थापायला लावतात.

बाबांना गावाचं नाव, तारखा, महिला प्राध्यापकांचा नंबर असं एका कागदावर लिहून द्या आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांशी त्यांचं फोनवर बोलणं करून द्या. शिबिर कोल्हापूरपासून लांब नसेल तर समारोपाला पालकांना बोलवा, गावकऱ्यांबरोबर जेवायला बसवा. पुष्कळ पालक तिथं येऊन गेल्यावर धाकट्या भावंडांचं नाव स्वतःहून घालतात.

बरोबर जाड चादर, टॉर्च, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, टोपी, नेहमीची औषधं, ताट-वाटी-तांब्या. मोबाईल दिवसा कार्यक्रम अधिकाऱ्यांकडं जमा असेल, ते घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई घाबरते.

अप_डाऊन

आणि ताटावर नाव घालून ने. स्टीलची ताटं सगळी सारखीच, दुसऱ्या दिवशीच बदलतात.